सत्तावीस नंबरची ट्रॉली

१२ डिसेंबर २०१४

दैनंदिनी लिहिण्याचा हा माझा सातवा-आठवा प्रयत्न असेल. आईनं वही बघितली आणि म्हणाली, "मंदार, संक्रांतीपर्यंत टिकली तरी खूप झालं." टिकेल. यावेळी लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या शेडमध्ये आज शेवटची डबी तयार झाली. शेड माझी आणि नौशादची. तो ट्रकच्या कमानपट्ट्यांचा मेस्त्री, मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. पुण्याची नोकरी सोडून आलो तेव्हा अख्ख्या गल्लीनं मला वेड्यात काढलं होतं, एकट्या नौशादनं चहा पाजला. डबी साबणाच्या वडीएवढी आहे. तिच्यात बॅटरी नाही, आणि लोकांना नेमकं हेच पटत नाही. आत स्प्रिंगवर एक लोहचुंबक, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. गाडी हलली की चुंबक हलतो, त्यातून चिमूटभर वीज होते, आणि तेवढ्या विजेवर डबी बिनतारी निरोप धाडते की मी हलले. गाडी उभी तर डबी मुकी. खोटं बोलायला तिच्याकडे वीजच नसते. हे वाक्य माझ्या फार आवडीचं आहे आणि मी ते जिथेतिथे वापरतो.

बोरी अरबच्या पुढे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सरकारी कापूस खरेदी सुरू आहे, तिथे या डब्या लावायच्या. यंदा बाहेर कापसाला कुत्रं विचारत नाही, म्हणून सगळ्या गाड्या सरकारी खरेदीकडे वळल्यात. मैदानात आठ-आठ दिवस उभ्या राहतात. जरा कुणाचा डोळा लागला की मागचा आपली गाडी ढकलत पुढे घालतो. मागच्या आठवड्यात त्यावरून डोकी फुटली. तिथले मॅनेजर सदाशिवराव म्हणाले, "तुमच्या डब्यांनी ही मारामारी थांबत असेल तर लावा बुवा." थांबली तर केळापूरकडचं केंद्रही आम्हालाच मिळेल.

नियम मी केला. नंबर यायच्या आधी जी गाडी जागेवरून हलली, तिचा नंबर शेवटी. एवढा साधा नियम त्यांना आजवर सुचला नाही याचंच नवल वाटतं.

१५ डिसेंबर

दिवसभर गाड्यांच्या खाली लोळून डब्या बसवल्या. केसांत, कानांत, चहाच्या कपात, सगळीकडे कापूस. नौशादनं प्रत्येक डबीसाठी लोखंडी पट्टी केली आहे आणि तिला पुढे कडी ठेवली आहे, उद्या डबी ओढून काढायला सोपं जावं म्हणून. "भाऊ, याले म्हैस टांगली तरी वाकत नाही," म्हणाला. त्याला कुठलीही गोष्ट नाजूक करता येत नाही.

गेटजवळच्या खोलीत आमचा फळा लावला. प्रत्येक गाडीचा एक बारका लाल दिवा. संध्याकाळी सगळे दिवे विझलेले होते, म्हणजे एकही गाडी हलत नव्हती. मी बराच वेळ तो अंधारा फळा बघत बसलो. आयुष्यात काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

सत्तावीस नंबरच्या ट्रॉलीवर देवीलाल नावाचा माणूस आहे. कापूस त्याचा एकट्याचा नाही, अख्ख्या तांड्याचा. हा राखणीला. ट्रॅक्टर मालकानं परत नेला, त्यामुळे ट्रॉली पुढून विटांच्या चवडीवर टेकवून ठेवली आहे. बायको रुपीबाई सोबत आहे आणि एक तान्हं, ट्रॉलीखाली जुन्या लुगड्याच्या झोळीत. त्याला कोरडा खोकला झालेला आहे. मी डबी बसवायला खाली शिरलो तर बाईनं झोळी सोडून पोर छातीशी घेतलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि पाठ करून बसली. मी बाहेर निघेपर्यंत दगडासारखी स्तब्ध होती.

देवीलालनं विचारलं, "साहेब, नंबर कदी लागंन? बोरीच्या डॉक्टरनं पोराले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगतलं. माल मापला का तसाच नेतो." मी म्हटलं, चार-पाच दिवसांत लागेल, डबी आहे ना आता, कुणी मध्ये घुसणार नाही. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

१७ डिसेंबर

पहिला चोर सापडला. दुपारी फळ्यावर सत्तावीसचा दिवा लुकलुकायला लागला. थोडा वेळ थांबला, परत लागला. मी धावत गेलो तर ट्रॉली आपली विटांवर टेकून उभी. देवीलाल म्हणाला, "गाडी हाललीच नाही जी. तिले ओढाले ट्रॅक्टर कुठं हाय?" मी म्हटलं, ट्रॅक्टर कशाला हवा, दहा हात लागले की ट्रॉली वीतभर सरकते. आजूबाजूचे सगळे जमले होते आणि माझ्याकडे बघत होते. तिथे मी कच खाल्ली असती तर डब्यांना कुणी विचारलं नसतं.

सत्तावीसचा नंबर शेवटी टाकला. मागच्या गाडीवाल्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सदाशिवरावांनी स्पेशल चहा मागवला. दिवसभर एकही भांडण झालं नाही.

१९ डिसेंबर

काल परत सत्तावीस. आज मी गुपचूप बंदोबस्त केला. सकाळी ट्रॉलीच्या चाकांभोवती आणि विटांभोवती चुन्याची रेघ मारली. वीतभर काय, बोटभर सरकली तरी रेघ पुसली जाणार.

दुपारी दिवा लागला. गेलो. रेघ जशीच्या तशी.

हातात धरायचा एक लहान रिसीव्हर आहे, त्याच्यावर एकच दिवा. तो सत्तावीसवर लावून मी मैदानातून चालत निघालो. दिवा लुकलुकत होता. ट्रॉली समोर दिसत होती, चहूबाजूंनी ऊन, कुणाचा हात तिला लागलेला नाही. मी जवळ गेलो आणि दिवा विझला. थांबलो, काही नाही. चाकाला टेकून उभा राहिलो, काही नाही. खाली बाई पाठ करून बसलेली, पोर तेवढं खोकत होतं. परत फिरलो, चार गाड्या ओलांडल्या आणि हातातला दिवा लागला. मागे वळून तसाच ट्रॉलीकडे गेलो. विझला.

असं मी बरेचदा केलं. मी गेलो की बंद, मी पाठ फिरवली की चालू. शेवटी तर मला मान वळवायलाही नको वाटायला लागलं. भर दुपारी, एवढ्या माणसांत, अंगावर काटा आला हे इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही कुणी वाचत नाही.

२० डिसेंबर

डबी बदलली; मी खाली शिरण्याआधीच बाईनं पहिल्यासारखी झोळी सोडून पोर छातीशी घेतलं. नवी डबीही तेच करते.

नौशादचं म्हणणं, वजनानं कमानपट्टा हळूहळू बसतोय. "लोड जास्त हाय भाऊ, पट्टा दबून राह्यला." मी म्हटलं, मग मी गेलो की दबायचा का थांबतो? तो डोकं खाजवत म्हणाला, "हे तं पट्ट्यालेच इचारा लागंन." पण हसला नाही.

गेटवरच्या बापूजींना मात्र सगळं ठाऊक आहे. ते म्हणाले, "त्या ट्रॉलीची चाकं एका उलटलेल्या गाडीची हायेत. तिच्याखाली माणूस गेलता. ज्याची वाट अर्धी राह्यली थो चालतच राह्यते साहेब, गाडी उभी असली तरी." आणि त्यांनी ट्रॉलीपुढे नारळ फोडला. देवीलालनंही हात जोडले. मी दूर उभा राहून हे बघत होतो, आणि रिसीव्हर खिशात होता, आणि तो मी बाहेर काढला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

खरेदी बंद. घरी आलो. जेवताना आईला सगळं रंगवून सांगितलं, चुन्याची रेघ, विझणारा दिवा, नारळ. माझ्या सांगण्यानं मलाच भीती वाटायला लागली. आई वरण वाढता वाढता म्हणाली, "त्या लेकराचा खोकला गेला का रे?"

मी ट्रॉलीचं सांगतोय आणि हिला लेकराचं पडलंय. म्हटलं, असेल गेला. म्हणाली, "थंडी किती आहे बघ. उघड्यावर काय झोप येणार त्याला, आई बिचारी रात्रंदिवस झुलवत बसली असेल." मी म्हटलं, आई, वरण पुरे.

२३ डिसेंबर

सकाळी धुकं होतं. गाड्या दिसत नव्हत्या, नुसते कापसाचे ढीग हवेत तरंगल्यासारखे. फळा बघितला. सगळा अंधार आणि एकटा सत्तावीस, कालपेक्षा जोरात. थांबतच नव्हता.

गेलो. वाटेत एक आवाज ऐकू यायला लागला, बारीक, किर्र, मग किर्र, जुन्या दाराच्या बिजागरीतून यावा तसा. मी पावलं मोजून टाकत होतो, तरी पायाखाली पऱ्हाटीची काडी मोडली. आवाज बंद. हातातला दिवा बंद. धुक्यात ती ट्रॉली माझी चाहूल घेत उभी आहे असं मला वाटलं. मी तिथूनच परत फिरलो.

आज सत्तावीसचा नंबर जवळ आला होता. देवीलालनं ट्रॅक्टरवाल्याला निरोपही धाडला होता. पण दिवा लागला तो सगळ्यांनी बघितला. हल्ली माणसं खोलीच्या खिडकीशी गर्दी करून फळा बघत बसतात, क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी. नौशाद हळूच म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ. गाडी जाग्यावरच हाय, रेघ तूच मारली." मी म्हटलं, आज एकाला सोडलं तर उद्या सगळे म्हणतील आमचीही गाडी भुतानं हलवली. परत शेवटी टाकला.

देवीलाल नुसता डोक्याचा रुमाल सोडून परत बांधत राहिला.

२६ डिसेंबर

नौशाद तांब्याची तार आणायला नागपूरला गेलाय. एकटं वाटतं. काल नाताळची सुट्टी होती तरी मी केंद्रावर आलो आणि दिवसभर त्या एका दिव्याकडे बघत बसलो.

आज देवीलाल खोलीत आला. "साहेब, पोरगं दूध घेऊन नाही राह्यलं. आमचा नंबर ठेवा. मी त्याले यवतमाळले टाकून उद्या वापस येतो." मी म्हटलं, जा की, गाडी कुठे पळतेय. तो म्हणाला, "लोकायचा कापूस हाय. मी गेलो अन् कोनं पल्ला-दोन पल्ले काढून नेला, तं तांड्यात तोंड कसं दाखवू?" मग बायकोला पाठव म्हटलं. "थे एकटी कदी यवतमाळले गेली नाही जी. दवाखान्यात कोनाले काय इचारंन? तुमी फक्त म्हना का उद्या मापतो, मी उद्याच दोघाईले घेऊन जातो."

खिडकीत माणसं उभी होती. फळ्यावर सत्तावीस लागलेला होता. मी म्हटलं, देवीलाल, दिवा बघ, मी काय करू? त्यानं दिव्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. म्हणाला, "कायले लागते साहेब थो दिवा?" मला त्याची फार दया आली आणि त्याहून जास्त त्या डबीचा राग आला. सोमवारी काय वाटेल ते करून हिचा छडा लावायचा. डबीत दोष असेल तर त्याचा नंबर परत देईन, चारचौघांत माफी मागेन.

२९ डिसेंबर

सापडलं! सापडलं.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर मी मुद्दाम उलट्या बाजूनं गेलो, जिनिंगच्या भिंतीकडून, चपला हातात घेऊन. सत्तावीसच्या मागच्या पिकअपआड बसलो. रिसीव्हर मांडीवर. दिवा लुकलुकत होता, पण अगदी संथ. तोच आवाज, किर्र, किर्र. मी चाकाच्या बाजूनं वाकून बघितलं.

रुपीबाई झोळी झुलवत होती. बस, एवढंच. झोळीची दोरी नौशादच्या त्या कडीत ओवलेली. दोरी ओढली की कडी ओढली जायची, कडीला लागून पट्टी, पट्टीवर डबी. झोळी इकडे आली, दिवा लागला. झोळी तिकडे गेली, दिवा लागला. आणि परका माणूस आला की बाई लाजून हात आवरायची, म्हणून दिवा विझायचा! दोन आठवडे मी एका पाळण्याला घाबरत होतो. म्हैस टांगायची कडी, आणि टांगलं एक तान्हं बाळ. मी तिथेच बसून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

हसण्यानं तिनं बघितलं आणि हात थांबवला. आज तिनं पदर ओढला नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे जाऊन उकिडवा बसलो आणि म्हटलं, "बाई, तुम्हीच होय! मला वाटलं भूत." तिला काय कळणार, बिचारीला. मी विचारलं, बाळ कसं आहे? म्हणाली, "झोपला."

मी लगेच आवाज खाली आणला. खोकला?

"आता नाही खोकलत."

खरंच, आज मी तिथे इतका वेळ होतो पण खोकला एकदाही ऐकू आला नाही. थंडीसाठी झोळीचं तोंड दोन्ही बाजूंनी नीट गाठ मारून बंद केलं होतं, चेहरासुद्धा झाकलेला. आईला सांगितलं पाहिजे. मी म्हटलं, तुम्ही खुशाल झुलवा, आता काही अडचण नाही, उद्या पहिला नंबर तुमचा, मापलं की दुपारपर्यंत यवतमाळ. तिनं झोळीवर नुसता हात ठेवला होता. म्हणाली, "हाव."

देवीलाल जागेवर नव्हता. बापूजींकडून फावडं मागून नाल्याकडे गेलाय, शेजारच्या गाड्यांवरचे चार-पाच जणही सोबत गेलेत. उद्या ट्रॅक्टर यायला वाट सपाट करत असतील. तिकडची वाट फार खचलेली आहे. बापूजींना मी झोळीची सगळी गंमत सांगितली, वाटलं भुताची बाजू घेऊन वाद घालतील. पण ते मान खाली घालून तंबाखू मळत बसले आणि तोंडात टाकायची विसरले.

मग मी मैदानात सगळ्यांना बोलावून चूक माझी होती हे सांगितलं. जाहीर माफी मागितली. उद्या सत्तावीस पहिली, कुणाची हरकत? मला वाटलं आता दंगा होणार. एकानंही तोंड उघडलं नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीही नाही. मी या माणसांना उगीच भांडखोर समजत होतो. रात्री झोप छान लागेल.

३० डिसेंबर

सकाळ. ट्रॅक्टर आलाय, गेटबाहेर उभा आहे. सदाशिवराव अजून यायचेत, म्हणून लिहायला बसलो. आता कडीला झोळी बांधली तरी चालेल अशी डबी करायची, हे नौशाद आला की ठरवू. हलणं आणि झुलणं यातला फरक तिला शिकवता येईल. अवघड नाही.

देवीलाल गेटजवळून गेला. हाक मारली तर थांबला नाही, कामात असेल. कपडे मातीनं भरलेले, पहाटेपर्यंत वाट करत होते की काय कोण जाणे.

फळा अंधारा आहे. फक्त सत्तावीस लागलाय. एका लयीत, मध्ये न थांबता, मी आल्यापासून तसाच. बापूजी दारात येऊन उभे राहिले, फळ्याकडे बघवेना त्यांना. म्हणाले, "बंद करा जी थो दिवा." मी म्हटलं, राहू द्या बापूजी, आता कशाची भीती? मला तर आज तो बघून बरं वाटतंय.

बाळ उठलं असेल.